निब जाड, लिखाण बारीक

पेनं विकणाऱ्या दुकानात काउंटरवर एक पॅड असतं. पेन घेण्याआधी त्यावर चालवून बघायचं. शिरूरच्या बाजारपेठेतल्या अशा पॅडवर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी. इंग्रजी मुलखात पेन तपासताना सगळी मुळाक्षरं एकदा तरी येतील असं एक कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य लिहितात. आपल्याकडे आधी ‘श्री’ येतो, मग दोन ओळी भरून जिलब्या, आणि जिलब्या जमल्या की सही. साधीसुधी नव्हे. लफ्फा, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं अशी, बँकेत नमुना म्हणून दिलेली अस्सल सही. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारा माणूस परक्याच्या दुकानात कोऱ्या कागदावर ही सही ठोकतो, ‘जरा अडतंय’ म्हणतो आणि पेन न घेताच चालायला लागतो.

सहीच का? कारण पेनाने त्याला पुढे तेवढंच करायचं असतं. आणि ज्याला नुसती सही करायची असते, तो हटकून जाड निब मागतो. कचेऱ्यांच्या बाकड्यांवर आयुष्याचा बराच भाग बसून काढल्यामुळे मी यावरून एक सिद्धांत बसवला आहे: निबेची जाडी लिखाणाच्या व्यस्त प्रमाणात असते.

हाताने सातबारा लिहिण्याच्या काळातला तलाठी आठवून बघा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच कागदावर. त्यातल्या बोटभर चौकटीत मयत खातेदाराचं नाव, त्याला कंस, कंसाबाहेर चार मुलगे, तीन मुली, बायको, अज्ञान पोरांची अ.पा.क. म्हणून आई, थोरल्याच्या नावामागे ए.कु.मॅ., आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत गोल केलेले फेरफारांचे नंबर. एवढं कुटुंब एका चौकटीत नांदवायचं तर निब बारीकात बारीक हवी. त्यावर मंडळ अधिकारी ‘प्रमाणित’ लिहिणार, ते मध्यम निबेने. तहसीलदारांच्या टेबलावर जाड निब, कारण लिहायचे शब्द दोनच, मंजूर आणि नामंजूर, आणि दुसऱ्यात एक अक्षर जास्त पडतं म्हणून तोही टाळलेला बरा. त्याच्याही वर गेलं की शब्द संपतात. हिरव्या शाईतलं एखादं आद्याक्षर उरतं, तेही कुठलं ते त्यांच्या शिपायालाच कळतं. आता ही उतरंडच गेली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही असं छापूनच येतं. सिद्धांताला याहून मोठा पुरावा नको: लिखाण शून्यावर आल्यावर निबेची जाडी मोजण्यापलीकडे गेली.

निबेवर एफ, एम, बी अशी अक्षरं कोरलेली असतात. बारीक, मध्यम, जाड. पण एफ जगभर एकच असेल या भरवशावर राहू नये. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांचा एफ जर्मन एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतो. त्यांच्या एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा बसवायच्या असतात, त्यामुळे त्यांना जाड निब परवडत नाही. आपलंही दुखणं तेच. ‘वैशिष्ट्य’ हा शब्द जर्मन बी निबेने लिहून बघा. ष, ट आणि य यांची तिथे चेंगराचेंगरी होते. वहीपूजनाला पहिल्या पानावर ‘श्री लक्ष्मी प्रसन्न’ लिहिताना ओल्या, जाड निबेखाली लक्ष्मी अशी बुडते की ती प्रसन्न कशी राहील हा प्रश्नच आहे.

आमच्या गावाचं, शिरूरचं, नाव तर निबेची खास परीक्षा घेतं. वेलांटी शिरोरेषेत मिसळते, आणि ‘रू’ची शेपटी शाईने भरून गेली की तो ऱ्हस्व का दीर्घ ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. गावात पाट्या दोन्ही प्रकारच्या आहेत, म्हणजे पाट्या रंगवणाऱ्यांचाही निकाल लागलेला नाही. ज्यांचं शुद्धलेखन कच्चं आहे त्यांनी बी निब जरूर वापरावी. बारीक निबेच्या पोराची चूक बाईंना लगेच दिसते. जाड निबेच्या पोराला संशयाचा फायदा मिळतो.

हल्ली निबेच्या छाटाची चर्चा फार चालते. टोक गोल न ठेवता सपाट केलं की स्टब, त्याच्या कडा धारदार ठेवल्या की इटॅलिक, छाट तिरका मारला की ऑब्लिक. अमेरिकेत तर ‘निबमाइस्टर’ नावाची एक जमात आहे. तुमचा हात, पेन धरायचा कोन, दाब, सगळं विचारून ते निब घासून देतात आणि त्यासाठी गिऱ्हाईक महिनोन्‌महिने रांगेत थांबतं. हे सगळं काम आपल्याकडे लोकल बोर्डाच्या शाळेतले गुरुजी खिशातल्या चाकूने करून देत. बोरू तासायचा, टोकाला तिरका छाट मारायचा, मधोमध चीर पाडायची, पोराच्या हातात देऊन एक ‘अ’ काढून घ्यायचा, नाही जमला तर पुन्हा छाट. सगळा वर्ग रांगेत. बोरू तासून झाल्यावर चाकूची मूठ डोक्यात हळूच मारली जाई, ती हमीपत्र म्हणून. आमच्या गावच्या महाविद्यालयाचं नावही बोरा आहे. त्याचा बोरूशी काडीचा संबंध नाही, पण ही माहिती मी पाहुण्यांना आपली देऊन ठेवतो.

त्या गुरुजींना एक गोष्ट ठाऊक होती, ती विलायती निबवाल्यांच्या गावीही नाही. देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन लिपीच्या कलमापेक्षा उलट्या बाजूला तिरका असतो. त्यामुळे हौसेने मागवलेली महागडी इटॅलिक निब मराठी लिहायला बसली की जिथे जाड व्हायचं तिथे बारीक होते आणि जिथे बारीक व्हायचं तिथे ऐसपैस पसरते. स्टबने उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. म्हणजे काना टणक आणि शिरोरेषा अशक्त, सगळी ओळ आत्ता खाली येते की मग असं वाटत राहतं. याच्या उलट एक ‘आर्किटेक्ट’ निब निघाली आहे. तिची आडवी रेघ जाड आणि उभी बारीक. शिरोरेषा भरभक्कम होते, पण कान्याचे हाल कुत्रा खात नाही. सेलरची ‘नागिनाता’ पेन जसं कलतं करावं तशी जाडी बदलते. संगीताची नोटेशनं लिहायला तीन पाकळ्यांची म्युझिक निब असते. ती आमच्याकडे एका हौशी तबलजीने घेतली होती, पण ‘धा धिं धिं धा’ लिहायला इतकी शाई लागत नाही हे त्याच्या लवकर लक्षात आलं.

शिरोरेषेचं कोडं मोडीवाल्यांनी फार आधी सोडवलं होतं. कागदभर रेघा आधी मारून ठेवायच्या आणि अक्षरं मागाहून टांगायची. हात उचलायचा तो दौतीत बुडवण्यापुरता. या वेगाने पुण्याच्या पुरालेखागारात मोडीचे कोट्यवधी कागद साठले आणि वाचणारे मात्र मोजके राहिले. आमच्या तालुक्यात जुन्या घरांतून ट्रंकेच्या तळाशी असा एखादा मोडी कागद असतोच. तो घरात कुणालाही वाचता येत नाही. मात्र घोडनदीच्या काठची जमीन आपल्याच पणजोबांची, असं त्यात लिहिल्याचं लहान पोरासकट सगळ्यांना पाठ असतं.

१८८४ साली अमेरिकेत वॉटरमनने पेटंट घेतलं आणि दौत पेनाच्या पोटात गेली. निबेखालच्या जिभलीतल्या बारीक खाचांमधून शाई खाली यायची आणि तेवढीच हवा वर जायची, हा तो व्यवहार. शाळेत आमच्या हाती आलेल्या पेनांना हा व्यवहार एकतर्फी वाटे. हवा वर जाण्याची वाट न बघता शाई खाली येई, आधी बोटांवर, मग वहीवर, मग खिशावर आणि शेवटी पुढच्या बाकावरच्याच्या पाठीवर. हा शेवटचा टप्पा पेन झटकल्याने येतो असा गुरुजींचा आरोप होता.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा काढला तेव्हा त्यांच्या शाईच्या गोळ्या आणि पुडी ‘घोडा छाप’ नावाने विकली जाई. घोडनदीच्या पोराने घोडा छाप शाईने लिहावं याहून उचित ते काय! पुढे त्याच दांडेकरांनी उंट आणला आणि त्या उंटावर अख्खा महाराष्ट्र परीक्षेला बसला. त्या काळी निबेचे प्रकार दोनच होते, चालणारी आणि अडणारी. अडणारीवर उपचार ठरलेले. दाढीचं अर्धं ब्लेड चिरेतून फिरवायचं. शहाबादी फरशीवर टोक घासायचं. तरी नाही चालली तर दुकानात जायचं. दुकानदार निब दातांत धरून उपटायचा, डबीतली नवी निब जिभलीवर बसवून दातांनीच आत दाबायचा आणि निळ्या ओठांनी पैसे मागायचा. आपलं पेन दुसऱ्याला लिहायला दिलं की निब त्याच्या वळणाची होते, असं शाळेत सगळे मानत. लिहून लिहून निब हाताप्रमाणे झिजते हे खरंच आहे. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याने ‘एक मिनिट दे’ म्हटल्यावर हे शास्त्र जेवढं आठवे तेवढं एरवी आठवत नसे.

दहावीला पहिला वर्ग मिळाला की घड्याळ किंवा हिरो. शांघायचं हिरो पेन, सोनेरी टोपण, आणि निब जवळजवळ नाहीच. टोकाचा दाणा तेवढा बाहेर, बाकी सगळी झाकलेली. ही कल्पना मूळ पार्करची. १९४१ साली बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’साठी त्यांनी झटकन वाळणारी शाई काढली होती. ती कागदाआधी निबेवरच वाळू नये म्हणून निबेला बुरखा घातला. चिन्यांनी बुरखा घेतला, शाईचं त्यांना देणंघेणं नव्हतं. आमच्या मते मात्र निब झाकण्याचं कारण स्पष्ट होतं: कुणाला ती उपटून बघता येऊ नये.

आता सोन्याच्या निबेकडे येऊ, आणि त्यासाठी माझ्या पुतण्याला मध्ये आणावं लागेल. तो रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर यंत्राचे भाग मोजायचे आणि रात्री घरी येऊन निबा मोजायच्या. त्याच्याकडे दहा पट मोठं दाखवणारं भिंग आहे, कागदाहून पातळ अशा पितळी शिमच्या पट्ट्या आहेत, चिरेतला मळ काढायला त्या फार कामाच्या. एफ निबेने काढलेली रेघ तो मायक्रोमीटरच्या थाटात मोजतो आणि ‘टॉलरन्समध्ये नाही’ म्हणून ती बाद करतो. लिहितो काय? तर पेनाचं नाव, निबेचं माप, शाईचं नाव आणि तारीख. दुसऱ्या दिवशी दुसरं पेन, दुसरी शाई, पुन्हा तेच. घरातल्या वह्यांवर वह्या भरल्या आहेत आणि त्यांत पेनांच्या नावांशिवाय अक्षर नाही. वाणसामानाची यादी तो मोबाइलवर बोलून पाठवतो.

त्याने एकदा चौदा कॅरटची निब घेतली. वर ५८५ हा आकडा कोरलेला. वहिनींनी तो हॉलमार्कवर पाहिलेला होता, त्यामुळे त्यांनी पेन परस्पर सराफाकडे नेलं. सराफाने निब काट्यावर ठेवली, काटा हलला की नाही ते चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाला, ‘ताई, एवढ्यात मंगळसूत्राचे चार मणी होतील बघा, ते पण बारके.’ वहिनी परत आल्या आणि तेव्हापासून त्या निबेकडे त्यांनी ढुंकून पाहिलेलं नाही. खरी गंमत अशी की निब सोन्याची करण्यामागे श्रीमंती नव्हती. जुन्या शाया आम्लाच्या, त्या पोलाद खाऊन टाकत. सोनं त्यांना दाद देत नसे. पण सोनं मऊ, टोक घासून जाणार, म्हणून टोकावर इरिडियमच्या कुळातल्या कठीण धातूचा दाणा डकवायचा. साध्या, स्वस्त निबांवर आजही ‘इरिडियम पॉइंट’ असं ठसठशीत कोरलेलं असतं. त्यातल्या दाण्यात इरिडियम बहुधा औषधालाही नसतं. ‘शुद्ध गाईच्या दुधाचे’ अशी पाटी जिथे सर्वांत मोठी असते तिथल्या चहासारखं हे आहे.

जुन्या निबांच्या शौकिनांना वेड असतं ते लवचीक निबेचं. दाब दिला की पाकळ्या फाकतात, रेघ जाडावते, दाब काढला की पुन्हा केसाएवढी. ही निब बॉलपेनवर वाढलेल्या माणसाच्या हाती देणं हा गुन्हा समजला पाहिजे. शिवाय तिने केलेली सही रोज वेगळी येते. लवचीक निबेच्या नादी लागलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या बँकेने ‘सही जुळत नाही’ म्हणून बोलावलं. त्यांनी समोर बसून सही करून दाखवली. ती आधीच्या दोन्हींशी जुळेना.

आमचे मामा दौंडला रेल्वेत होते. उभी हयात कार्बन घालून लिहिण्यात गेली. वरची प्रत, मधली प्रत, खालची प्रत, आणि मामांचा हात असा की चौथी प्रत टेबलावर उमटायची. अशा माणसांसाठी अमेरिकेतल्या एस्टरब्रूक कंपनीने खास निब काढली होती, क्रमांक ९४६०, ‘मॅनिफोल्ड’. वाकायचं नाही, फाकायचं नाही, तीन कागदांखालीही आवाज पोचवायचा. उसाच्या वजनाच्या पावत्या फाडणाऱ्या आपल्या लोकांना ती कुणी दाखवली असती तर बॉलपेनला एवढं रान मोकळं मिळालं नसतं. पण निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी मामांना दिलं ते नेमकं लवचीक सोनेरी निबेचं पेन. आभाराच्या वहीत मामांनी पहिली सही केली आणि निबेची एक पाकळी पुण्याच्या दिशेला, दुसरी सोलापूरच्या. जंक्शनच ते.

ते पेन बरीच वर्षं खणात पडून होतं. पुतण्याच्या हाती लागलं तेव्हा त्याने भिंग लावलं, पाकळ्या जुळवल्या, शिम फिरवली, टोक घासलं, आणि मामांना समोर बसवून ‘आजोबा, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं’ असं पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. मामा वळणावर आले. आता ते रोज लिहितात. दूधवाल्याचा हिशोब, नळाला पाणी किती वाजता आलं, कोण वारलं, कोण उगाच जिवंत आहे. पुतण्याच्या सगळ्या पेनांनी मिळून लिहिलं नसेल तेवढं या एका पेनाने लिहिलं, आणि तेही बारीक निबेने. सिद्धांत इथेही टिकला.

सिद्धांताचं दुसरं टोक बघायचं तर २००९ साल. गांधीजींच्या नावाने मोंब्लांने २४१ पेनांची एक मालिका काढली, दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून. अठरा कॅरटच्या निबेवर काठी घेऊन चाललेले गांधीजी कोरलेले आणि किंमत दहा लाखांच्या वर. पेन्सिलीचं थोटुक जपून वापरणारा माणूस आणि राजमहेंद्रीच्या रत्नम यांना स्वदेशी पेन बनवायला लावणारा माणूस तो हाच. त्या २४१ पेनांनी कुणी दूधवाल्याचा हिशोब लिहिला असेल असं वाटत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मामा हयातीचा दाखला द्यायला गेले. पूर्वी हे काम सहीचं होतं, त्यामुळे ते पेन भरून, निब पुसून, टोपण घट्ट करून जय्यत तयारीने गेले. खिडकीतल्या पोराने पेनाकडे पाहिलंही नाही. मशीन पुढे सरकवलं आणि म्हणाला, ‘बाबा, अंगठा ठेवा.’ ज्यांनी आयुष्यभर सह्या केल्या, शेजारणीला साक्षरतेच्या वर्गात सही गिरवायला शिकवलं, त्यांनी अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. पोराने मामांचा हात उलटा करून पाहिला. सकाळी पेन भरताना निब पुसली होती ती याच अंगठ्याने. रेषांमध्ये शाई जाऊन बसलेली. नळावर धुतला, रुमालाने घासला, निळा रंग फिका झाला पण मशीनचं समाधान होईना. सरकारदरबारी मामा हयात नव्हते.

मामांनी मग बाकावर बसून कागद मागितला आणि एकटाकी अर्ज लिहिला. मी अमुक, राहणार दौंड, समक्ष हजर असून पूर्ण हयात आहे, कारणे येणेप्रमाणे. समास सोडलेला, शिरोरेषा सरळ, एक खाडाखोड नाही, तळाशी सही. पोराने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शेजारच्या खिडकीतल्या मुलीलाही बोलावून दाखवला.

‘बाबा, अक्षर एक नंबर आहे,’ तो म्हणाला. ‘पण हे अपलोड कुठं करू?’